एका घराची चाल



यंदा स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासावर लिहा" असा संपादकांचा आग्रह होता. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळमार्गावर काम करणारा इंजिनिअर. माझा इतिहास म्हणजे रुळाच्या कमरेवर उठवलेले साल वाचण्यापुरता. नाही म्हणणार होतो. पण गेल्या वर्षी आपल्याच मंडपात बुद्धिबळाच्या अंतिम सामन्यात माझी जी फजिती झाली, तिच्यामुळे वर्षभर थोडे वाचन झाले. त्या फजितीचाच हा इतिहास समजा.

तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल. समोर आमच्या ऑफिसातले दादा होते. नाव लिहीत नाही, खरगपूरच्या आपल्या मंडळात दादा म्हटले की सगळे ओळखतात. बंगाली गृहस्थ, पण आपल्या आरतीला दरवर्षी हजर, आणि मोदकांच्या ताटापाशी आपल्याही आधी. पांढरी मोहरी माझी होती. राजाचे प्यादे, मग घोडा, मग उंट असे तीन सरळ डाव झाले. चौथ्या चालीला मी हत्तीसमोरचे प्यादे एक घर पुढे सरकवले : एच-३. हेतू एवढाच, की दादांचा उंट जी-४ या घरावर येऊन माझ्या घोड्याला जखडून ठेवू नये. दादांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "अरे बाबू, डर गए क्या?" मंडपात हशा पिकला. पुढे मी राजाला किल्लेकोटात नेले. दादांनी नेलेच नाही. उलट जी-पट्टीतले प्यादे दोन घरे, मग आणखी एक घर पुढे आणून माझ्या त्या एच-३ वरच्या प्याद्यावर आदळवले. मी राजासाठी जी कुंपणाची काठी रोवली होती, तिलाच धरून त्यांनी कुंपण उपटले. तिसाव्या चालीच्या आत मात.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, दादांनी डी-पट्टीतलं प्यादं हलवलंच नव्हतं. त्यांच्या उंटाचा रस्ताच बंद होता. तुम्ही अडवलं कुणाला?"

हा प्रश्न मला झोपू देईना.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डावाच्या सुरुवातीला सैन्य घरात कोंडलेले असते. प्रत्येक चालीला एक मोहरे कामावर लावायचे, घोडे-उंट बाहेर काढायचे, राजाला आडोशाला न्यायचे. याला मोहऱ्यांचा विकास म्हणतात. दुसरा प्रकार प्रतिबंधक चालीचा. तिने आपले काही नवे मोहरे बाहेर येत नाही. समोरचा जे करू पाहतो ते आधीच बंद होते. चाल एकच असते. दोन्हीपैकी काय करायचे, यावर गेली दीडशे वर्षे मोठमोठे लोक भांडत आले आहेत.

विकासाच्या पक्षाचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे पॅरिसच्या ऑपेरातला १८५८ सालचा डाव. अमेरिकेचा पॉल मॉर्फी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघे सल्लामसलत करून खेळणारे. मॉर्फीने १७ चालींत मात केली. शेवटची स्थिती पाहण्यासारखी आहे. काळ्याचा राजाकडचा उंट आणि त्या बाजूचा हत्ती शेवटपर्यंत जागचे हललेले नाहीत. आठव्या चालीला मॉर्फीला एक प्यादे फुकट मिळत होते, पण त्या बदल्यात वजीर-वजीर कापले गेले असते. त्याने प्यादे सोडले आणि शांतपणे दुसरा घोडा बाहेर काढला. आमच्या भाषेत सांगायचे तर गाडी वेळेवर सोडणे त्याला महत्त्वाचे वाटले, वाटेतली भाजी घेणे नाही.

यातली एक गोष्ट मात्र पुस्तकात शिकवताना बहुतेक निसटते. काळ्याची तिसरी चाल होती उंट जी-४, म्हणजे मी ज्या चालीला घाबरलो होतो तीच! ती विकासाचीच चाल होती, एक मोहरे बाहेर आले होते. पण मॉर्फीने मध्यभागी प्यादे मारताच त्या उंटाला घोडा मारून स्वतः मरावे लागले, आणि पांढऱ्याचा वजीर आयता बाहेर आला. तेव्हा मोहरे बाहेर काढले म्हणजे विकास झाला असेही नाही.

मॉर्फीच्या या पद्धतीचे पुढे नियम झाले. इमॅन्युएल लास्कर १८९४ मध्ये जगज्जेता झाला, आणि १८९५ मध्ये त्याने लंडनमध्ये व्याख्याने दिली. त्यात त्याने सांगितले की सुरुवातीला राजा आणि वजीर यांच्यापुढची प्यादी सोडून दुसरी प्यादी हलवू नका, एकच मोहरे दोनदा हलवू नका, उंटांआधी घोडे काढा. न्यूरेंबर्गचे डॉक्टर झीगबर्ट टाराश हे या शाळेचे हेडमास्तर. त्यांचे लिखाण म्हणजे जणू आमचे पर्मनंट वे मॅन्युअल : असे करावे, असे करू नये, मधले काही नाही.

या हेडमास्तरांना उलट उत्तर देणारा विद्यार्थी होता रिगाचा आरोन निमझोविच. १८८६ चा जन्म, म्हणजे टाराशपेक्षा २४ वर्षांनी लहान. १९२५ मध्ये जर्मन भाषेत त्याचे 'माय सिस्टिम' या नावाने पुढे जगभर वाचले गेलेले पुस्तक आले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आपण काय करायचे याइतकाच, समोरच्याला काय करू द्यायचे नाही हाही खेळाचा गाभा आहे. वैद्यकातला 'प्रोफिलॅक्सिस' म्हणजे रोगप्रतिबंध हा शब्द त्याने पटावर आणला. गंमत म्हणजे दोघांत डॉक्टर होते ते टाराश, आणि लस टोचायला निघाला निमझोविच.

लगेच निमझोविचचा विजय झाला असे समजू नका. १९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत टाराशनी त्याला दोन्ही उंटांचा बळी देऊन झोडपले होते. पण १९२३ साली कोपनहेगनला फ्रिट्झ झेमिशविरुद्ध निमझोविच काळ्या मोहऱ्यांनी जे खेळला, ते मी या वर्षात कितीदा पटावर मांडले असेल याची गणती नाही. झेमिशने १४ व्या चालीला एच-३ केले आणि १५ व्या चालीला राजा एच-२ वर नेला. सावधच म्हणायच्या या चाली. पण कशापासून सावध, याचे ठाम उत्तर मला तरी सापडले नाही. निमझोविच मात्र प्रत्येक चालीला पांढऱ्याचे एकेक दार लावत गेला. शेवटी त्याने स्वतः २५ वी चाल केली एच-६, प्यादे एक घर. ना शह, ना मारामारी. झेमिशने डाव सोडला. पटावर पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, दोन उंट, घोडा असे सारे होते, उलट एक मोहरे जास्तच होते. पण हलवावे तर नुकसान, अशी अवस्था. दोघांनीही हत्तीसमोरचे प्यादे एकेक घरच हलवले होते. एकाची चाल वाया गेली, दुसऱ्याच्या चालीवर डाव संपला.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण आपण बंगालात राहतो आणि ही गोष्ट इथलीच आहे. माझ्या आजोबांनी मला भुसावळला शिकवले ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जायचे, आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. शाळेत गेल्यावर कळले की जगात प्यादे पहिल्यांदा दोन घरे जाते. तेव्हा आजोबांनी फसवले असे वाटले होते! त्यांनी फसवले नव्हते. हिंदुस्थानात शतकानुशतके बहुतेक ठिकाणी तसेच खेळत. एकेक घर चालणाऱ्या प्याद्यांमुळे आपल्याकडची सुरुवात संथ असे. आधी तटबंदी, मग लढाई.

१८५० च्या आगेमागे कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते. इंग्रजी खेळातले नाणावलेले, तडाखेबंद खेळाडू. त्यांना बंगाली ब्राह्मण महेशचंद्र बॅनर्जी भेटले, आणि दोघांनी शेकडो डाव युरोपीय नियमांनी खेळले. कॉक्रेननी ते लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला पाहता येतात. कॉक्रेन सैन्य धडाधड बाहेर काढणार. एका प्रसिद्ध डावात तर त्यांनी चौथ्याच चालीला घोडा देऊन टाकला आहे. आणि महेशचंद्र जी-पट्टीतले प्यादे एकच घर सरकवून त्यामागे उंट बसवणार, मध्यभाग समोरच्याला खुशाल घेऊ देणार, आणि मग त्यावर हल्ला करणार. १८५५ च्या एका डावात ते ज्या पद्धतीने खेळले, तिला आज ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डचे नाव आहे. ग्रुनफेल्डने ती खेळली १९२२ मध्ये, म्हणजे ६७ वर्षांनी! (तो डाव महेशचंद्र हरले, हेही सांगायला हवे. कॉक्रेननी वजिराचा बळी देऊन घोड्याने मात केली.) आज जगभर 'किंग्ज इंडियन', 'क्वीन्स इंडियन' म्हणून जे डाव ओळखले जातात, त्या नावांत हा आपल्याकडचा संथपणा शिल्लक आहे.

पण संथ चाल म्हणजे प्रतिबंधक चाल नव्हे, हेही याच इतिहासाने शिकवले. पंजाबचे मीर सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा ब्रिटिश विजेते झाले, हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकालाही हरवले. तेही देशी नियमांवर वाढलेले. डावाच्या शेवटच्या भागात भल्याभल्यांना भारी, पण सुरुवातीला मात्र मागे पडायचे. एकेक घर चालण्याची सवय हातात राहिली होती, असेच मला वाटते. फिडेने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले. माझा एच-३ हा सुलतान खानांच्या घराण्यातला नव्हता की निमझोविचच्याही नव्हता. तो नुसता हात चालवायचा म्हणून चालवला होता. दादांना ते लगेच दिसले.

मग एच-३ कधी करायचे? याचे उत्तर मला रुय लोपेझमध्ये सापडले. रुय लोपेझ हा स्पेनचा पाद्री, १५६१ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाच्या प्रारंभाचा जो मुख्य रस्ता आहे, त्यात आठ चालींनंतर स्थिती अशी असते : पांढऱ्याचा राजा किल्लेकोटात गेलेला, हत्ती राजाच्या पट्टीत, घोडा-उंट बाहेर, आणि सी-३ वर प्यादे तयार. आता डी-४ करून मध्यभाग काबीज करायचा एवढेच राहिले. हात शिवशिवत असतो. पण बहुतेक सगळे जगज्जेते इथे थांबतात आणि नववी चाल करतात ती एच-३.

का? काळ्याने डी-६ केलेले आहे, म्हणजे उंटाचा रस्ता उघडला आहे. पांढऱ्याने आत्ताच डी-४ केले तर उंट जी-४ वर येईल, घोडा जखडला जाईल, आणि डी-४ ला आधार देणारा तोच घोडा आहे. धोका खरा, शिवाय तो आपल्या पुढच्याच बेताच्या मुळावर येणारा. दुसरे, आपले घर लागलेले आहे, एक चाल थांबलो तर कोसळणार नाही. तिसरे, काळ्याचाही राजा त्याच बाजूला किल्लेकोटात आहे. दादांसारखे जी-पट्टीतले प्यादे सोडायचे तर त्याला स्वतःच्या राजासमोरचे दार काढावे लागेल. माझ्या डावात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती. चाल तीच, प्यादे तेच, घर तेच. (एच-३ न करता थेट डी-४ खेळणारेही आहेत, आणि तेही मूर्ख नाहीत.)

याहून मजेची काळ्याची उत्तरे आहेत. १९७२ मध्ये रेक्याविकला फिशरने दहाव्या डावात एच-३ केले, तेव्हा स्पास्कीने सी-६ वरचा घोडा उचलून परत बी-८ वर, म्हणजे मूळ घरात नेऊन ठेवला! हंगेरीच्या ब्रेयरच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत. टाराश मास्तरांनी पट्टी उगारली असती. पण तो घोडा डी-७ वरून नव्या वाटेने कामाला येतो. समोरच्याने एक चाल प्रतिबंधावर खर्च केली, तर आपल्यालाही घर नीट लावायला सवड मिळते असा हिशेब. तो डाव फिशरने जिंकला, पण त्याला ब्रेयरची पद्धत जबाबदार नाही. ती आजही खेळतात. स्मिस्लॉव्हच्या पद्धतीत तर काळाही नवव्या चालीला एच-६ करतो, पांढऱ्याचा घोडा जी-५ वर येऊ नये म्हणून. ही भीती खोटी नाही. कारपॉव्हच्या आवडत्या झाइत्सेव्ह पद्धतीत काळा एच-६ करत नाही, हत्ती ई-८ वर नेतो. मग पांढरा घोडा जी-५ वर नेतो, हत्ती निमूट परत एफ-८ वर येतो, घोडाही परत फिरतो. हवे तर एवढ्यावर बरोबरी घ्या. एक चाल वाचवली, तिची ही किंमत.

या साऱ्यात ज्याच्याविषयी मला आपुलकी वाटू लागली तो मात्र तिग्रान पेट्रोशियन. जन्म १९२९, तिफ्लिसचा अर्मेनियन. युद्धाच्या काळात आई-वडील गेले, पोराने रस्ते झाडले. पुढे ऐकूही कमी येऊ लागले. निमझोविच त्याने पुस्तकातूनच आत्मसात केला. १९६३ मध्ये त्याने बॉटविनिकला १२.५ विरुद्ध ९.५ गुणांनी हरवले आणि १९६९ पर्यंत तो जगज्जेता राहिला. लोक त्याला कंटाळवाणा म्हणत. समोरच्याच्या मनात हल्ल्याचा विचार यायच्या आधीच हा ती वाट बंद करून बसलेला असे, मग प्रेक्षकांना दिसणार काय? ऑलिम्पियाडमध्ये तो १२९ डाव खेळला आणि त्यात हरला फक्त एक, १९७२ मध्ये स्कोप्येला, ह्यूबनरविरुद्ध. फिशरने १९७१ मध्ये ब्युनॉस आयर्सला त्याला ६.५-२.५ असे धुतले, हेही खरे. सगळे रोखता येत नाही.

'क्वीन्स इंडियन'मध्ये पांढऱ्याची चौथी चाल ए-३ ही पेट्रोशियनची म्हणून ओळखली जाते. तीही एका घराची. वजिराकडचा घोडा सी-३ वर आणायचा आहे, पण काळ्याचा उंट बी-४ वर येऊन त्याला जखडतो. म्हणून आधी ए-३, मग घोडा. टीकाकार म्हणाले, चौथ्याच चालीला वेळ घालवला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच चाल तरुण कास्पारॉव्हने उचलली आणि तिच्या जोरावर भराभर डाव जिंकले. हल्लेखोर म्हणून गाजलेल्या माणसाला सर्वांत सावध माणसाची चाल कशी आवडली? घोडा मोकळा राहिला की डी-५ चा घाव घालता येतो. कास्पारॉव्हला पुढचा तो घाव हवा होता, ए-३ त्याची पूर्वतयारी.

पेट्रोशियनविषयी आपुलकी का, ते सांगतो. रुळावर काम करणाऱ्यांना ते लगेच समजेल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरातली थंडी. थंडीत लांब जोडलेला रूळ आखडतो आणि कच्चा सांधा असेल तिथे तुटतो. अल्ट्रासॉनिक तपासणीत एका वेल्डवर खूण निघाली होती. लगेच काढा असा शेरा नव्हता, नजर ठेवा असा होता. नियमाप्रमाणे जॉगल्ड फिशप्लेट आवळून झाल्या होत्या. त्याच आठवड्यात महिनाभर मागून न मिळालेला तीन तासांचा ब्लॉक मिळाला. तो होता स्लीपर बदलायला. त्या कामाचा आकडा वर जातो, तक्त्यात भरला जातो. मी आदल्या संध्याकाळी त्या सांध्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसे तिकडे लावली आणि तो सांधा कापून नवा तुकडा घातला. स्लीपर अर्धेच झाले. पुढच्या बैठकीत प्रगती कमी का, यावर मला उभे राहून बोलणी खावी लागली. मी काय सांगणार? "गाडी पडली नाही" हे तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहायचे?

तो सांधा पुढे तुटला असता का? माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही. कदाचित आणखी दहा वर्षे टिकला असता आणि बैठकीतले साहेबच बरोबर होते. याच्या उलटही माझ्या हातून झाले आहे. एकदा नुसत्या शंकेवर वेगमर्यादा लावून ठेवली, चार दिवस गाड्या खोळंबल्या, आणि निघाले काहीच नाही. तो माझा चौथ्या चालीचा एच-३ होता. मॉर्फीच्या १७ चाली जगाला पाठ आहेत, पेट्रोशियनच्या ज्या डावांत काही घडलेच नाही ते कोण मांडून बघतो? मी आता बघतो. रात्री मुलगा झोपला की एकेक चाल लावतो आणि प्रत्येक चालीला विचारतो, इथे समोरच्याला काय करायचे होते? कधी कधी तासभर उत्तर सापडत नाही.

दादा येत्या मार्चमध्ये निवृत्त होऊन गावी जाणार आहेत. म्हणजे मंडपातला आमचा हा शेवटचा उत्सव. नाणेफेकीत पांढरी मोहरी मिळाली तर मी पुन्हा राजाचे प्यादे, मग घोडा असाच जाणार आहे. पण एच-३ करणार की नाही आणि केले तर कितव्या चालीला, ते इथे छापत नाही. दादांना मराठी वाचता येत नाही खरे, पण गेल्या वर्षीची स्मरणिका त्यांनी आमच्याच शेजारच्या वहिनींकडून पानन् पान वाचून घेतली होती. सामना अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर. पट मी आणतो, मोदकांचे तेवढे मंडळाने बघावे.